खोकला आणि लिंबाचा केक

लीड्स, मंगळवार, सायंकाळचे पाच

परमादरणीय एनिडमावशी यांच्या चरणी, भाचा क्लेमेंट याचा, कंबर जितकी लवते तितका लवून नमस्कार.

आपले जांभळ्या शाईतले पत्र पावले. आपल्या डाव्या गुडघ्याने व्हिटबीच्या सागरी वाऱ्याशी पुनश्च वैर आरंभल्याचे वाचून चित्त व्यथित झाले. मांजर, शेजारीण आणि चर्चचे विणकाममंडळ या तिन्ही संस्था कुशल असाव्यात. ‘गुरुवारी पडद्यावर तू लठ्ठ दिसलास, आणि मेंढीला तू धरलंस तसं कुणी बाजाराची पिशवीसुद्धा धरत नाही,’ हा आपला अभिप्राय शिरोधार्य आहे. एकोणीस वर्षांत माझ्या अभिनयाविषयी आपल्या लेखणीतून एकही गोड शब्द निसटला नाही, या सातत्याविषयी मला नितांत आदर आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. दुर्दैवाने ‘क्रॅगबेक’ मालिकेत मी साकारतो त्या डॉक्टर हेडलीची नाही, आणि माझ्या भीतीचा उगम तिथेच आहे.

आपण जाणताच की माझ्या कलासाधनेचा आरंभ प्रेतावस्थेत झाला. (गुप्तहेरांच्या तीन मालिकांत मी मृत होतो, पैकी एकीत शिंकलो, म्हणून दोनच धराव्यात.) पुढे पदोन्नती होऊन ‘साहेब, या बाजूने’ एवढे बोलणारा हवालदार झालो, आणि त्यानंतर क्रॅगबेक गावचा गुरांचा डॉक्टर, तो आजतागायत. ज्याला गाय दिसताच घाम फुटतो (गाईंना हे ठाऊक आहे, त्या एकमेकींना सांगतात), त्याने एकोणीस वर्षे गाईंच्या पार्श्वभागी उभे राहून उदरनिर्वाह केला. आता चोपन्नाव्या वर्षी मला दुसरे काहीही येत नाही. प्रेतांसाठीही हल्ली सडपातळ तरुण घेतात.

तर गेल्या आठवड्यात नव्या भागाची संहिता हाती आली. पृष्ठ बावीस. ‘हेडली दाराशी थबकतो. खोकतो.’ मावशी, वास्तव जगात मनुष्य शंभरदा खोकतो आणि जगतो. मालिकेत निष्कारण कुणी खोकत नाही. आमच्या मालिकेत पाद्री झालेले लेनर्ड पिम फेब्रुवारीत एकदाच खोकले. मार्चमध्ये आम्ही काळ्या वस्त्रांत त्यांच्या रिकाम्या शवपेटीमागून चालत होतो, आणि ते स्वतः कॅमेऱ्यापलीकडे उभे राहून सँडविच खात आमचा शोक तपासत होते. मी धीरासाठी बेरिलकडे गेलो. (मालिकेत ती गावच्या पबची मालकीण होते, अंतःकरणाने मात्र ती शवपेट्या विकणारी आहे.) ती म्हणाली, “खोकलायस ना, क्लेम? मग काळे बूट घासून ठेव. मी रडीन हो छान. लेनर्डच्या वेळी माझ्या रडण्यावर पेपरात दोन ओळी आल्या होत्या.” साधी सर्दी असेल, असे मी सुचवले. “सर्दी असती तर रुमाल लिहिला असता,” ती म्हणाली, आणि हा युक्तिवाद मला अद्याप खोडता आलेला नाही.

चित्रीकरणात मी खोकण्याऐवजी नुसता हसलो. दिग्दर्शकाने खोकला पुन्हा मागितला. मी घसा खाकरला, पुन्हा मागितला. सातव्या खेपेस निव्वळ भयाने खरोखर ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या मृत्यूला इतके परिश्रमपूर्वक आमंत्रण अन्य कोणत्याही नटाने दिले नसेल.

त्याच दिवशी आमच्या निर्मात्या मिसेस बर्टेनशॉ यांची चिठ्ठी आली: मंगळवारी चार वाजता वर चहाला यावे. या ‘वरच्या चहा’चे एक शास्त्र आहे. चहासोबत बिस्किटे असतील तर करार वर्षभर वाढतो. केक असेल तर मनुष्य मरतो. हा नियम कुठेही लिहिलेला नाही आणि आजवर एकदाही मोडलेला नाही. लेनर्डना अक्रोडाचा केक मिळाला होता. (आमच्या पोस्टमनने दोन तुकडे खाल्ले, तो कड्यावरून पडला, आणि पडता पडता त्याच्यावर वीजही कोसळली.)

आज चारला मी दार ढकलले. मेजावर लिंबाचा केक होता. अखंड, वर साखरेची झिलई.

“बस रे क्लेमेंट. घे, मी स्वतः केलाय,” मिसेस बर्टेनशॉ म्हणाल्या. मला लिंबू वर्ज्य आहे, असे मी उभ्यानेच निवेदन केले. “कधीपासून?” आजपासून, मी म्हणालो. “बरं, राहू दे. मला तुला एक सांगायचंय, सगळ्यांत आधी तुलाच,” असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी माझ्याकडे मरणोन्मुखाकडे पाहावे तसे पाहिले. तत्क्षणी मी, गाय खोळंबली आहे, असे उद्गारून दोन मजले धावत उतरलो. जो मृत्यू ऐकलाच नाही तो घडत नाही, असा माझा सिद्धान्त आहे. सांप्रत मी कपड्यांच्या खोलीत, दिवंगत पाद्र्याच्या झग्यांमागे बसून लिहीत आहे. आताच बेरिल डोकावून गेली. “क्लेम, पाय दिसतायत तुझे,” म्हणाली.

आपला भयकंपित,
क्लेमेंट

ता. क. — पत्राचे खरे प्रयोजन असे. प्रेक्षकांची पत्रे मिसेस बर्टेनशॉ स्वतः वाचतात. आपल्या विणकाममंडळातील चार-पाच भगिनींनी ‘डॉक्टर हेडली गेले तर आम्हीही जाऊ’ अशा आशयाची पत्रे सत्वर लिहिली, तर मी कदाचित बचावेन. आपल्याकडून स्तुतीची अपेक्षा नाही. आपण केवळ तिकिटे चिकटवावीत.

ता. क. दुसरा, गुरुवार — तिकीट नसल्याने पत्र खिशातच राहिले, हे बरे झाले. आज मिसेस बर्टेनशॉंकडून एक खोके आणि चिठ्ठी आली. निवृत्त त्या होत आहेत. केक त्यांच्याच निरोपाचा होता. खोकल्याविषयी त्या लिहितात की दृश्य चार सेकंद कमी पडत होते. मी वर जाऊन क्षमा मागितली आणि केकचे तीन तुकडे खाल्ले. दोघेही थोडे रडलो.

खोक्यात पत्रे आहेत. “चॅनेलचे वरचे लोक दर दोन वर्षांनी तुला मारायला निघायचे,” त्या म्हणाल्या, “मग ही पत्रं मी त्यांच्यापुढे ओतायचे.” एकोणीस वर्षे, दरमहा, अकरा निरनिराळ्या स्त्रियांनी हेडलीसाठी प्राण पणाला लावले आहेत. अकराही जणी व्हिटबीच्या, अकराही जणी जांभळ्या शाईत लिहितात, आणि अकराही जणींचा डावा गुडघा दुखतो. मिसेस बर्टेनशॉंना हे पहिल्याच वर्षी उमगले होते. वरच्यांनी कधी गुडघे मोजले नाहीत.

नवे निर्माते तिशीचे आहेत, आणि फार बारकाईने वाचतात असे ऐकतो. त्यांनी मला सोमवारी वर चहाला बोलावले आहे. सोबत काय असेल हे बेरिललाही ठाऊक नाही. तेव्हा मावशी, थांबू नये. शाई तेवढी बदलावी, आणि निदान एकीचा तरी गुडघा उजवा दुखू द्यावा.