माझ्या पत्रिकेतला वाहनयोग

प्रिय अहो,

सोळा वर्षांच्या संसारात तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. गरजच कुठे पडली? तुम्ही कायम समोर, नाहीतर फोनवर. आज मात्र लिहायला बसलेय, कारण तुम्ही माझ्याशी धडधडीत खोटं बोललात आणि ते मला आज सकाळी कळलं. भांडायला तुम्ही नाही. मग करू काय?

मुक्ताचा दहावीचा शेवटचा पेपर काल झाला. आता शारजातलं घर आवरायचं, गाडी विकायची, साताऱ्याला जायचं. म्हटलं, वाहन विकायला दिवस कोणता चांगला ते गुरुजींना विचारावं. फोनचं कार्ड खरवडलं, नंबर लावला आणि मी म्हणाले, "तुम्हीच ह्यांना सांगितलं होतंत ना, पत्रिकेत वाहनयोग नाही, गाडी बायकोच्या नावावर करा म्हणून?"

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं, कार्ड संपलं.

"सूनबाई," गुरुजी म्हणाले, "मी त्यांची पत्रिका कधी पाहिलीच नाही."

अहो, तीन वर्षांपूर्वी सुट्टीवरून परत आलात तेव्हाचा तुमचा चेहरा आठवला. किती गंभीर! "वासंती, माझा शनी वाकडा आहे. गुरुजी म्हणाले, वाहन तुझ्या नावावर हवं. आणि मालकिणीला गाडी चालवता आली पाहिजे." सत्यनारायणाला फक्त शिऱ्यासाठी बसणारा माणूस हा! मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरले, आमच्या नास्तिकाला शेवटी पत्रिका आठवली!

मग लायसन्सचं ते दिव्य. तुम्ही एनओसीवर सही केलीत आणि मी तीनदा नापास झाले. तिसऱ्यांदा तर पार्किंग करताना खांबच पाडला. पोलीस हसून म्हणाला, "खलास, मदाम. नेक्स्ट टाइम." घरी येऊन रडले तर तुम्ही म्हणालात, "गुरुजींनी सांगितलंय, चौथ्यांदा होणार." आणि झाले! हेही तुम्हीच रचलं होतंत ना? काय म्हणावं तुम्हाला!

मग गाडीचं मालकीचं कार्ड, ती मुल्किया, माझ्या नावाची झाली. मी ती आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. तुमच्या शनीसाठी दर शनिवारी तिळाच्या तेलाचा दिवा लावायला लागले. आणि तुम्ही निमूटपणे तेल आणून देत होतात! हसू कसं आवरत होतात हो?

आज दिवसभर मला ती दुसरी गाडी दिसतेय. आपल्याच मजल्यावरच्या थॉमसची. तुमच्या त्या सुट्टीच्या आदल्या वर्षी थॉमस अचानक गेला आणि त्याची गाडी खाली वाळूत आठ महिने उभी राहिली. मुल्किया मेलेल्या माणसाच्या नावावर. वारस कोण ते कोर्ट ठरवेपर्यंत ती चालवायची नाही, विकायची नाही. केरळातून कागद यायचे, त्यांवर शिक्के, मग अरबी भाषांतर. त्याची लीला दोन पोरांना घेऊन भर उन्हात स्वतःच्याच गाडीसमोरून पायी जायची. पोरांनी काचेवरच्या धुळीत नावं लिहिली होती.

तुम्ही दर शुक्रवारी खाली जाऊन ती काच पुसून यायचात. "आपलंही असंच..." एवढंच तुम्ही एकदा बोललात, तर मी तुमच्या तोंडावर हात ठेवला. "शुभ बोल रे नाऱ्या!" म्हणून ओरडले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. मला वाटलं, विसरलात.

आणि जानेवारीत हमरियाहून, तुमच्या कंपनीतून, फोन आला. ड्युटीवर छातीत दुखलं म्हणाले. मी पोहोचेपर्यंत तुम्ही नव्हतात.

नंतर जे जे तुमच्या नावावर होतं ते ते थांबलं. बँकेने खातं बंद केलं. "कोर्टाचा कागद आणा, मदाम." अजून तो कागद फिरतोच आहे. मोठे भाऊजी फोनवर म्हणाले, "मुक्ताचं वर्ष गेलं तर जाऊ दे, या परत." मुक्ता रडली नाही, फक्त म्हणाली, "बट आय प्रॉमिस्ड बाबा, ह्याच वर्षी दहावी." कंपनीने व्हिसाचं परीक्षेपर्यंत सांभाळून घेतलं, पण सेंटर दुबईत, स्कूलबस तिकडे जाणार नाही, आणि पोरीला नेणार कोण?

पोलीस ठाण्यात तुमचे कागद दाखवताना मी मुल्कियाही पुढे केली. म्हटलं, हीही अडकणार. त्या माणसाने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड परत सरकवलं. "ये तो तुम्हारा गाडी है, मदाम. ले जाओ."

एवढंच. ना कोर्ट, ना शिक्का. मी कार्ड कपाळाला लावलं. मनात म्हटलं, शनिमहाराज पावले!

पहिल्या पेपरला चौकाच्या गोलाला तीन फेऱ्या मारल्या, बाहेरच पडता येईना. मुक्ता किंचाळतेय, "आई, एक्झिट! टेक द एक्झिट!" पण पोचलो, वीस मिनिटं आधी. सगळ्या पेपरांना पोचलो. पोरीने तुम्हाला दिलेला शब्द पाळला.

आता गुरुजींचं पुढचं ऐका. म्हणाले, "आले होते ते माझ्याकडे. म्हणाले, गुरुजी, हिला कोर्टकचेरीचं सांगितलं तर कान बंद करते, ग्रहांचं सांगितलं तर धावत करते. तिने विचारलं तर हो म्हणा. मी म्हटलं, खोटं बोलणार नाही, पण आपणहून काही सांगणारही नाही."

केवढे ओळखत होतात हो मला! दोन हजार साल लागताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून तुम्ही टब भरून पाणी साठवलंत, तेव्हा मी सगळ्यांसमोर तुमची थट्टा केली होती. आज मी नुसती थक्क होऊन बसलेय. स्वतःच्या मरणानंतरचा रस्ता तुम्ही माझ्यासाठी करून ठेवलात, आणि मला घाबरवायचं नाही म्हणून ते मरण तीन वर्षं एकट्याने मनात ठेवलंत. मी एकदा तरी तुम्हाला बोलू द्यायला हवं होतं. चुकले मी.

मघाशी मुक्ताला समोर बसवलं. म्हटलं, "साताऱ्याच्या घराचे कागद तुझ्या नावे करून ठेवणार आहे. उद्या मी गेले तर..." तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "आई, डोन्ट टॉक लाइक दॅट!"

तोच हात, अहो. अगदी माझाच.

मी तो हळूच बाजूला केला आणि सगळं बोलले. ती रडली, पण तिने ऐकलं.

गाडी येत्या शनिवारी विकतेय. अमावास्या आहे, असू दे. आणि तुम्हाला शब्द देते, आपल्या पोरीला जे सांगायचं ते मी तोंडाने सांगेन, शनीच्या आड लपून नाही.

तुमचीच,
शनिवारपर्यंत गाडीची मालकीण,
वासंती