सात सेंटीमीटर वर

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. माझं अक्षर पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगते: बाबा बरे आहेत. ऐकू कमी येतं, राग मात्र शाबूत आहे. माझे गुडघे कुरकुरतात. तुझा पत्ता मावसबहिणीकडून घेतला. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. त्यांना आत्या आहे हे माहीत असेल असं धरून चालते.

मी धक्क्यावरच्या त्याच कचेरीत आहे. बाबा धक्क्याला ठोकलेल्या आकड्यांच्या पाटीवरून पाण्याची उंची वाचायचे. आता यंत्र वाचतं आणि मी यंत्राची उस्तवार करते. वर्षभर नवं काम मागे लागलंय. गेली तीस वर्षं उपग्रह दर दहा दिवसांनी इथल्या समुद्रावरून जातो आणि पाण्याची उंची मोजतो. ते आकडे आणि आपले जुने आकडे शेजारी ठेवून, भरती-ओहोटी वजा करून जुळवायचे. तेवढ्या काळात समुद्र चढलाय पाच-सहा बोटं. एवढंसं शोधायचं, तर जुना एकेक आकडा धुऊन-पुसून घ्यावा लागतो. डोळे शिणतात. घरी आल्यावर दिवा लावायचाही कंटाळा येतो.

मागच्या आठवड्यात साहेब म्हणाले, "हे तीन महिने काढून टाका. कुणीतरी घरी बसून मनचे आकडे लिहिलेत."

कोणते तीन महिने ते तुला कळलंच असेल. बाबा इस्पितळात होते आणि पाटी तू वाचायचास. परत आल्यावर वहीतले आकडे आधीच्यांशी जुळेनात, तेव्हा बाबांनीही हेच म्हटलं होतं. तू ओरडलास, "पावसापाण्यात उभा राहिलोय मी तिथे!" त्यांनी ऐकलं नाही. त्याच रविवारी तू घर सोडून गेलास.

साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले. त्या तीन महिन्यांत उपग्रह नऊ वेळा गेला होता. नऊही वेळा तुझा आकडा उपग्रहापेक्षा वर, आणि वर तरी किती, तर सात सेंटीमीटर. एकदा सहा, एकदा आठ. मनचे आकडे असे एकसारखे चुकत नाहीत. पाटीच तेवढी खाली आलेली होती.

ती कशी आली हे मला उपग्रहाने सांगायची गरज नव्हती. बाबांना इस्पितळात नेलं त्याच आठवड्यात मी मैत्रिणींबरोबर धक्क्यावरून पोहायला उतरले होते. वर येताना पाटीचीच शिडी केली. खिळे निसटले. कुणी पाहायच्या आत हातोडी आणून अंदाजाने परत ठोकली. सोळा वर्षांची होते. बाबा घरी यायच्या आधी खात्याच्या माणसांनी नवी पाटी मापून बसवली, आणि माझा पराक्रम जुन्या फळीबरोबर भंगारात गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, दादा, आणि चोर दाराआड मूग गिळून बसला होता. आधी माराची भीती होती. मग तू पत्रच टाकेनास, तेव्हा वाटलं, आता बोलून काय उपयोग. मग नुसती सवय झाली. मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

काल लेखी देऊन टाकलं: पाटी कुणी, कधी, कशी हलवली, आकडे खरे आहेत, सात वजा करून ठेवावेत. साहेबांनी माझी सही पाहून चष्मा काढला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. वाटलं, आता फटकारतील. ते म्हणाले, "म्हणजे तो रोज जात होता." मग कागद मागितला.

आज सकाळपासून तो घेऊन बसले होते. तारीख घातली, 'चिरंजीव' लिहिलं, त्यापुढे हात चालेना. म्हटलं, सांगा, मी लिहिते. तर मला हातानेच गप्प केलं. दुपारी कागद पुढे केला. म्हणाले, "असाच पाठव."

सोबत ठेवला आहे.

तुझी धाकटी
(पुढे 'बहीण' लिहायचं होतं. ते तू ठरव.)