बाळंतिणीची खिडकी

ठाणे, शके १८०८

चि. त्र्यंबकास, आज आशीर्वाद नाही.

काल आपल्या ओसरीवर बाळंतिणीच्या आरोग्यावर तुझं व्याख्यान झालं. ऐकायला सगळे पगडीवाले. बायकांना मज्जाव, कारण म्हणे विषय नाजूक! "बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा," असं गरजलास आणि टाळ्या घेतल्यास. भिंतीपलीकडे तुझीच बायको उमा बाळंतीण, तापाने फणफणलेली. वारा बाधेल असं आई म्हणाली, तेव्हा तिच्या खिडकीत बाहेरून चिंध्या तूच कोंबल्यास ना रे?

हे पत्र तुला देणार नाही. पुढच्या सभेत वाचून त्यावरही टाळ्या मिळवशील.

चिंध्या मी उपसल्या. उमाने तुझा शब्द न् शब्द ऐकला होता. त्याआधी मला म्हणाली, "वन्सं, ती उघड्या खिडकीची खोली कुणाच्या घरी आहे हो? मला तिथे न्याल?"

तिची नणंद,
यमुना