गावाकडची भिंत

आबा, स्टेशन झालं. ज्या गाडीला तुम्ही जन्मभर ‘निवडणुकीतली आगगाडी’ म्हणून हसलात, ती आता आपल्या खाडीकाठच्या खारातून रोज जाते. भातशेती घेतली गेली, तिच्यावर भराव पडला, मग पुलाचे खांब कित्येक वर्षं बगळ्यांना बसायला उभे राहिले, इथवरचा इतिहास तुम्ही पाहिलात. पुढचा आराखडा माझा आहे. दोन फलाट, त्यांवरून एक पादचारी पूल, आणि तिकीटघर एकाच बाजूला, नव्या वसाहतीकडे तोंड करून. गावाकडे सलग भिंत. भिंत काम देणाऱ्यांच्या मागणीतच होती. मी हरकत घेतली नाही. तुम्ही नाही हे बरंच झालं. असता तर उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसून ‘पोरगी माझी’ म्हणाला असता, आणि मला ते चारचौघांत खोडून काढावं लागलं असतं.

दोन नंबरचा फलाट आपल्या बांधावर आला आहे. रुळांची दिशा माझ्याआधीच ठरली होती, त्यामुळे त्याचं श्रेय मी घेत नाही. आईच्या मयताला तुम्ही मला त्याच बांधावर थांबवलंत. तिथून धूर दिसला, एवढंच. वर्गातल्या मुलाशी मी लग्न केलं आणि त्याची जात गावकीला चालली नाही, तेव्हा मला वाळीत टाकण्याचा निकाल कुणा परक्याने दिला नव्हता. पंच तुम्हीच होता. मी खाली अंगणात उभी आहे, तुम्ही ओटीच्या पायरीवर, आणि आई दाराआड. ‘हिच्याशी जो बोलंल त्याला दंड,’ तुम्ही म्हणता. आवाज जराही चढत नाही. ते कौशल्य मी मानते. वास्तुकलेच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी तसंच नापास करते. आईने तो निकाल मरेपर्यंत पाळला.

मागच्या महिन्यात गावकी माझ्या कार्यालयात आली. पुढे काकांचा मुलगा, आता तोच पंच. स्टेशनात शिरायला गावाला हमरस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोकांनी भिंतीला भगदाड पाडलं आहे आणि बायका मासळीच्या पाट्या घेऊन रूळ ओलांडतात. त्यांना पुलाला गावाच्या बाजूने जिना हवा होता, आणि जिन्यापर्यंत वाट. माझ्या शिफारशीशिवाय ते होणार नव्हतं. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

‘बाय, म्हाताऱ्या मानसांना लय फेरा परतो,’ चुलतभाऊ म्हणाला. ‘एक जिना दे.’

‘माझ्याशी बोललास. दंड भरलास का?’

मागे उभा असलेला एक म्हातारा हसला, आणि मग आपण कशाला हसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

‘ता कायदा आबांचे संगती गेला.’

‘मला कुणी कळवलं नाही.’

‘कळवाला तुझ्याशी बोलाला लागला असता, बाय.’

गावाकडून मला मिळालेलं हे पहिलं निर्दोष उत्तर.

जिना मी दिला. रुळावर कुणी मेलं असतं तर दोष आराखड्याकडे आला असता, आणि माझ्या आराखड्यात दोष नसतो. जिन्यापासून गावातल्या रस्त्यापर्यंतची सर्वांत सरळ रेघ आपल्या घरातून जाते, असं मी काम मंजूर करणाऱ्या समितीपुढे सांगितलं. घर माझं आहे. मला गावाबाहेर काढताना तुम्ही वारसाहक्कातून काढायला विसरलात; एवढा ढिसाळपणा मी शिकाऊ माणसालाही माफ करत नाही. मोबदला न घेता मी संमती दिली. चुलतभावाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘तू आबांचीच पोर,’ तो म्हणाला, आणि हे कौतुक आहे अशी त्याची समजूत होती.

पुढच्या आठवड्यात घर पाडतील. ओटीची पायरी मात्र जागच्या जागी ठेवायला सांगितली आहे. दगड चांगला आहे आणि वाटेला तिथे चढ लागतोच. गाडी गाठायला धावणारी माणसं तिच्यावर चपलांचे पाय देतील, माझ्या नवऱ्याच्या जातीचीही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मला तुमचा ठाऊक असलेला पत्ता त्या घराचाच होता. पण अपुरा आराखडा मी हातावेगळा करत नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. विहिरीच्या अंगाने दुसरी रेघ जात होती, घराला कुठेच न लागता. मी आधी तीच काढली होती आणि मग खोडली. ती अधिक सरळ होती.