दोन कोटी त्रेपन्न लाख सव्वीस हजार एक

प्रिय रामकिसन,

बजाजनगर इथून किती लांब? तरी पत्र लिहितोय, कारण तुझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत माझ्यात नाय. रविवारी तुझी श्रेया आली होती. तिला गणितातच बी.एस्सी. करायचंय आणि तू फॉर्मवर सही देत नाहीस. "गणित आपल्या घराला सोसत नाही, मी साधा भागाकार चुकलो होतो," असं तू तिला म्हणालास म्हणे. तुम्ही सांगा ना काका, म्हणून लई रडली पोरगी.

वर लिहिलेली ती संख्या तू विसरला नसशील. मूळ संख्या ओळखायच्या, दोन, तीन आणि पाच घेऊन केलेल्या कडक चाचण्यांत ती मूळ संख्येसारखी बिनबोभाट पास होते. कॉलेजात गणिताच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, खरंच मूळ आहे का ते हातानं शोधा, शोधेल त्याला पुढं शिकायला पुण्याला पाठवतो. वर्गमूळ पाच हजार बत्तीसच्या जरा वर, म्हणजे तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, जवळपास पावणेसातशे भागाकार. तुझ्या खोलीवर आपण आळीपाळीनं बसायचो. आकडेमोड रफ कागदावर, वहीत फक्त भाग जात नाही अशी खूण. तू शेतातून थेट यायचास, हाताला माती असायची.

आपण मूळ म्हणालो. सरांनी संगणकावर टाकली तर २२५१ गुणिले ११२५१. दोघांतून एकेक वजा केला तर दुसरी पहिलीच्या बरोब्बर पाचपट. काय देखणी संख्या रे! आणि वहीत २२५१ पुढं खूण होती. कुणाची, सरांनी विचारलं. मी तुझ्याकडं बोट केलं. तू वहीकडं बघत राहिलास आणि म्हणालास, "माझीच असेल सर. चुकलो." सगळा वर्ग हसला. चूक तुझ्या नावावर पडली, म्हणून सरांनी पुण्याला मला पाठवलं, तू कंपनीत गेलास.

तू चुकला नव्हतास, रामकिसन. ते पान माझं होतं. आणि मीही चुकलो नव्हतो, मी भागलंच नव्हतं. त्या दुपारी क्रांती चौकात टीव्हीच्या दुकानासमोर मॅच बघत उभा होतो. आल्यावर पानभर खुणा ठोकल्या. श्रेयानं रविवारी माझ्यासमोर तो भागाकार केला. दोन मिनिटांत बाकी शून्य. म्हणाली, "काका, पप्पा एवढ्या सोप्यात कसे चुकले?" मी विषय बदलला. नालायक माणूस मी.

फॉर्मची मुदत बुधवारी संपली. आज शुक्रवार. तुला फोन करतो असं तिला म्हणालो होतो, केलाच नाही. खरं सांगावं लागलं असतं. मंगळवारी तिनं विचारलं तर सांगितलं, लई समजावलं, तुझे पप्पा ऐकतच नाहीत. काल तिचा मेसेज आला. बी.कॉम.ला नाव घातलंय. माझे आभार मानलेत, आणि पप्पांशी आता बोलणार नाही असं लिहिलंय. तुझ्या घरात अबोला कशाचा, हे तुला कळत नसेल. म्हणून हे पत्र. तिला दाखव.

तुझाच म्हणवून घ्यायची लायकी नसलेला,
श्रीनिवास