मामचे पाय आणि तुझा स्लॅब

रुफिस्क, शुक्रवार, नमाजानंतर

चिरंजीव बिराम ह्यास थोरल्या बहिणीचा, यासिनचा, सलाम आणि (इच्छा नसतानाही) आशीर्वाद. तब्येत बरी ना? इटलीतली थंडी सोसते ना? कामावरचा साहेब, शेजारीपाजारी, सगळे सुखरूप? इकडे शांतीच शांती आहे. (थाप आहे. पण आपल्यात पत्र असंच सुरू करायचं असतं. आणि फोन केला नाही, कारण मी चिडले की फोनवर तुझा आवाज तुटायला लागतो.)

आता कान उघडे ठेव. आजोबा गेल्यावर आपल्या घरात 'माम', म्हणजे 'आजोबा', म्हणून हाक मारायला त्यांचं ते एक कासवच उरलं होतं, तेही तू घालवायच्या बेतात होतास. गेल्या महिन्यात माहेरी गेले तर माम अंगणात लोळागोळा होऊन पडलेला. पुढचे पाय वाकलेले, मागचे फरशीवर फाकलेले, पाठीचं कवच बोटाने दाबलं तर दबतं. एके काळी हा आत्याला पाठीवर घेऊन अंगणभर फिरायचा (आत्या तेव्हा बारीक होती, असं ती सांगते).

बरं, अशा वेळी घरात पहिला प्रश्न काय? औषध नव्हे. माम घरावरची पीडा स्वतःच्या अंगावर घेतो हे शेंबडं पोरही जाणतं, तेव्हा ही पीडा कोणाची? ताबीज देणारे सेरिन आले, वाळूत रेघा ओढल्या आणि म्हणाले, समुद्रापलीकडच्या माणसाची. झालं! आईने तुझ्या नावाने दूध आणि कोलाच्या बिया वाटल्या, मामच्या पायाला ताबीज बांधलं आणि लेकाचं संकट झेलणाऱ्या त्या बिचाऱ्याला स्वतःच्या वाटचा मासळीभात भरवायला लागली. पाय जितके वाकत, तितका भात वाढे. मी डॉक्टरचं नाव काढलं तर आत्या म्हणाली, "पीडेला कुठला गं डॉक्टर? उगीच शहाणपणा!"

शेवटी आई नमाजाला बसलेली पाहून शेजाऱ्यांच्या मदतीने मी त्याला घोडागाडीत चढवला. पीडेचा धक्का नको म्हणून गाडीवाला पार दांडीच्या टोकाला बसून गाडी हाकत होता. जनावरांची डॉक्टरीण वयाने लहान, पण तोंडाने माझ्याहून तिखट. तिने ताबीज बाजूला सारलं, पाय चाचपले आणि मलाच फैलावर घेतलं. "अहो ताई, पीडा कसली? भरल्या पोटी उपासमार आहे ही! गवत खाणाऱ्या जनावराला भात चारता? आणि ऊन कुठे मिळतं ह्याला?" उन्हावाचून अंगात ड जीवनसत्त्व होत नाही, ते नसलं की कॅल्शियम हाडांना लागत नाही, हाडं मऊ पडतात, त्यात खाली गुळगुळीत फरशी. रुफिस्कसारख्या बारमाही उन्हाच्या गावात आमच्याच घरी उन्हाचा दुष्काळ आहे, हे कोणत्या तोंडाने सांगू?

आणि तो पाडला कोणी? तू! त्या अंगणात वाळू होती, गवत होतं, कडुनिंब होता. शेजारच्या इटलीवाल्याने मजला चढवला म्हणून तुलाही चढवायचा होता. तू फोनवरून हुकूम सोडत गेलास आणि गवंडी दौदा तोडत गेला. खाली फरशी आली, वर अख्खं अंगण झाकून तुझ्या खोल्यांचा स्लॅब आला. त्या खोल्यांत राहतं कोण? कुलूप! गावातलं सगळं ऊन तुझ्या कुलपावर पडतं आणि आई भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडते. वर आल्यागेल्याला हात धरून दाखवते, "माझ्या बिरामने बांधलं हो!"

तुझ्यावर मनापासून चिडलेली,
यासिन

ता. क. मामला माझ्या सासरच्या अंगणात वाळूत सोडला आहे. गवत खातो, औषध घेतो. वाकलेले पाय सरळ होणार नाहीत, पण जगेल. त्याची काळजी करू नकोस.

आणखी ता. क. हे पत्र मामसाठी लिहिलेलं नाही. आईला आता भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही. फरशीवर पडलीसुद्धा. दवाखान्यात नेलं, तर माणसांच्या डॉक्टरनेही तेच औषध लिहून दिलं आणि तेच विचारलं, घरात ऊन येतं का? आई चटकन म्हणाली, येतं की, भरपूर. तुझ्या घराला कोणी बोल लावू नये म्हणून. माझ्याकडे चल म्हटलं, तर लेकाचं घर सोडून जावयाच्या दारात यायला तयार नाही. आणि दौदा म्हणतो, मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय स्लॅबला हात लावणार नाही. तेव्हा त्याला आजच फोन कर आणि स्लॅब फोडायला सांग. तिच्या दुखण्याचं मी कळवलं हे आईला कळू देऊ नकोस.

तुला पत्र लिहिते आहे म्हटल्यावर तिने एवढंच विचारायला सांगितलं, तुझ्या तिकडच्या खोलीत ऊन येतं ना?