दसऱ्याचा हार आणि माझी खुर्ची

मी, हेमराज तुकाराम कापगते, वय सदुसष्ट, निवृत्त लिपिक, राहणार बालाघाट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती घरात आहे, आणि ती आत्ता पुढच्या खोलीत दुलीचंदला पोहे वाढत आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. पुष्पलता हिला, तिच्यानंतर मुलगी नूतन हिला.

२. पेचकसांचा (स्क्रूड्रायव्हरांचा) डबा नूतनला. दुलीचंद बोपचे याने तो दोनदा मागितला आहे. देऊ नये. तीस वर्षे कचेरीत तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसला, आणि साहेब नेहमी त्याच्याच अक्षराची तारीफ करीत. निवृत्तीनंतर त्याने घरही आमच्याच गल्लीत बांधले.

३. माझा तेरा वर्षांचा कॉम्प्युटर. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

दसऱ्याला आमच्याकडे विळा, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर यांची एकत्र पूजा होते. पेनड्राइव्ह पूजेवाचून राहू नये म्हणून मीच तो कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे खोचला, कुंकू लावले, वरून झेंडूचा हार घातला आणि दिवाळीपर्यंत हाराला कोणी हात लावायचा नाही असे बजावले. आठवड्याने नवी सिस्टीम टाकायला घेतली. ती अर्ध्यावर गेली, कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ येऊन थांबली.

नऊ दिवस मी झटलो. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली. आतला सेल बदलला. पंपाने धूळ उडवली. पुष्पलता तीनदा काही सांगायला आली. तिन्ही वेळा मी म्हणालो, "तू मधात बोलू नको."

दहाव्या दिवशी तिने दुलीचंदला बोलावले. त्याने पेचकसाला हातही लावला नाही. माझ्या खुर्चीत बसून विचारले, "वहिनी, बिघडाच्या आंधी याले काही नवीन लावलं होतं का?"

"हौ भाऊजी. हारामांगं यांचा पेनड्राइव्ह हाये. दसऱ्यापासून तसाच हाये."

त्याने तो उपटला. मशीन त्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्येच सिस्टीम शोधत बसले होते. पुन्हा सुरू केल्यावर काम जिथे थांबले होते तिथून पुढे गेले. पुष्पलताने त्याला आले घालून चहा दिला. मला आल्याचा चहा मिळून वर्ष झाले असेल. मला त्याचा हेवा वाटला, अजूनही वाटतो, आणि मरणाच्या कागदावर खोटे लिहिणार नाही.

हा कॉम्प्युटर पुष्पलताचा.

४. त्यासमोरची फिरती खुर्चीही तिचीच. माझ्यामागे दुलीचंद तिच्यात बसेल, ती शेजारी उभी राहून हसेल, याच विचाराने मला चार रात्री झोप नाही. तो आल्यास त्याला स्वयंपाकघरातले लोखंडी स्टूल द्यावे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणूनच दुलीचंदला साक्षीदार केले आहे.

६. वरचे कलम लिहून झाल्यावर कलम ३ पुन्हा वाचून काढले. त्या दिवशी दुलीचंदला माझ्यापेक्षा जास्त काही येत नव्हते. त्याने फक्त तिला विचारले. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी ते किती वेळा केले, हे मला आठवत नाही. परत आलो तर पहिल्यांदा तिलाच विचारीन, आणि मधात बोलणार नाही.

ठिकाण: बालाघाट. दिनांक: ४ नोव्हेंबर २०२५.

सही: हेमराज तुकाराम कापगते

वरील सही आम्हा दोघांसमोर झाली.

साक्षीदार १: प्रेमलाल हत्तीमारे

साक्षीदार २: दुलीचंद बोपचे
(सारं वाचलं. स्टूल चालते. सोमवारी नागपूरले मी संग येऊन राह्यलो. खुर्ची तूच सांभाळ.)